हायकमिशनर परत येतो तेव्हां
हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिका यांच्या संबंधांची कथा

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें निघालें आणि पिरंगुट मागें टाकलें, कीं भरे गांवाची शींव लागते. तोच रस्ता पुढें पौडवरून मुळशीच्या धरणाकडे जातो. १९२१ सालच्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजीं, टाटांच्या धरणाखालीं जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठीं या खोऱ्यांतील मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं तो लढा मुळशी सत्याग्रह या नांवानें देशभर गाजला. परंतु ज्या शब्दानें हा लढा ओळखला जातो तो शब्द मुळशीचा नव्हे, पुण्याचाहि नव्हे. तो समुद्रापलीकडून, दक्षिण आफ्रिकेंतून आला. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एका नाटकगृहांत तेथील हिंदी लोकांनीं अन्यायाचा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. त्या चळवळीस स्वदेशी नांव हवें म्हणून 'इंडियन ओपिनियन' पत्रानें बक्षीस लावलें. मगनलाल गांधींनीं 'सदाग्रह' हा शब्द सुचविला आणि गांधीजींनीं त्यांत थोडा फेर करून 'सत्याग्रह' असा केला. पंधरा वर्षांच्या आंत तो सह्याद्रीच्या एका खोऱ्यांत रुजला.

शब्द असे सहज प्रवास करतात. सरकारांस तें इतकें सोपें नसतें. दक्षिण आफ्रिका आणि आपला देश यांच्यामध्यें माणसांचें येणेंजाणें आधीं सुरू झालें, तक्रारी त्यामागून आल्या, आणि वकील, एजंट, हायकमिशनर हे सर्वांत शेवटीं आले. आले आणि एके दिवशीं परतहि गेले. दोन देशांचे राजनैतिक संबंध म्हणजे काय, ते तोडल्यानें काय साधतें आणि कोणाला काय भोगावें लागतें, हें समजून घेण्यास या इतिहासासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. त्यांत विशेष असें, कीं या नाटकांतील महत्त्वाचीं पात्रें बरीचशीं महाराष्ट्रांतलीं आहेत.

आरंभ मजुरांपासून झाला. इंग्रजी साम्राज्यांत गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांना माणसें हवीं होतीं. तीं हिंदुस्थानांतून पांच वर्षांच्या करारावर नेण्याची पद्धत पडली. मजुरांच्या तोंडीं 'ॲग्रीमेंट'चें 'गिरमिट' झालें. मॉरिशसला हे मजूर १८३४ पासून, ब्रिटिश गियानास १८३८ पासून, जमेका व त्रिनिदाद या वेस्ट इंडीज बेटांस १८४५ पासून जाऊं लागले. नाताळच्या किनाऱ्याला पहिलें जहाज 'ट्रुरो' हें १६ नोव्हेंबर १८६० रोजीं लागलें.

येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्रिनिदादच्या सरकारला हे मजूर कायमचे हवे होते. म्हणून १८६९ पासून कांहीं वर्षें परतीच्या भाड्याच्या मोबदल्यांत त्यांना सरकारी जमीन देण्यांत आली. नाताळच्या गोऱ्यांना मजूर हवा होता, पण शेजारी नको होता. करार संपल्यावर हिंदी मनुष्य भाजी पिकवूं लागला, दुकान घालूं लागला, तेव्हां त्याच्यावर १८९५ च्या कायद्यानें दरसाल तीन पौंडांचा कर बसविला. करार पुन्हा कर, किंवा देशीं परत जा, नाहींतर हा कर भर, असा तो पेंच होता. पुढें हा कर सोळा वर्षांवरील मुलगे व तेरा वर्षांवरील मुली यांनाहि लागूं झाला. हिशेब करून पाहावा. नवरा, बायको आणि दोन मोठीं मुलें मिळून बारा पौंड, म्हणजे २४० शिलिंग. आणि अशा कुटुंबांतील पुरुषाची मिळकत गांधीजींनीं महिना १४ शिलिंगांहून अधिक नसे अशी दिली आहे, म्हणजे वर्षाची १६८ शिलिंग. जो कर मिळकतीहून मोठा, त्याला कर म्हणावें कीं हद्दपारीचा हुकूम, हें वाचकांनींच ठरवावें.

या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनीं हिंदुस्थानांत केला ते पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळला मजूर पाठविणें बंद करण्याचा ठराव आणला. सरकारनें तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची मजूरभरती थांबली. मार्च १९१२ मध्यें गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव त्यांनीं मांडला, तो मात्र सरकारी मतांच्या बळावर पाडण्यांत आला. वेस्ट इंडीज बेटांकडे जाणाऱ्या मजुरांना पुढें १९१७ पर्यंत वाट पाहावी लागली.

त्याच वर्षीं २२ ऑक्टोबरला गोखले केपटाउनला उतरले. त्यांच्या हातीं कोणतीहि सनद नव्हती. परतंत्र देशाला स्वतःचा वकील कोठून असणार? परंतु भारतमंत्र्यांची त्या प्रवासास संमति होती, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें त्यांना सरकारी पाहुण्याचा मान देऊन रेल्वेचा खास डबा दिला. ज्या देशांत हिंदी मनुष्याला पहिल्या वर्गाच्या डब्यांतून उतरविलें जाई, त्या देशांत एक हिंदी गृहस्थ खास डब्यांतून हिंडत होता. हा मान खरा होता तसाच तो सोयीचाहि होता. पाहुण्याला मान देणें हें त्याची मागणी मान्य करण्यापेक्षां नेहमींच स्वस्त पडतें.

या प्रवासांतील एक गोष्ट मराठी माणसानें विसरूं नये अशी आहे. जोहान्सबर्गला कोंकणी मुसलमान व कांहीं महाराष्ट्रीय हिंदू यांच्यापुढें गोखल्यांनीं मराठींत बोलावें असा आग्रह गांधीजींनीं धरला, आणि त्याचें हिंदुस्थानींत भाषांतर आपण करूं असें सांगितलें. गोखले हंसले. गांधीजींचें हिंदुस्थानी त्यांनीं ऐकलें होतें. मराठी त्यांना कोठून आलें, अशी त्यांनीं थट्टा केली. पण अखेर ते बोलले, आणि ती पद्धत परतीच्या वाटेवर झांजीबारपर्यंत चालली. हे कोंकणी मुसलमान रत्नागिरी व कुलाबा, म्हणजे आतांचा रायगड, या जिल्ह्यांतले. त्यांची मोठी वस्ती केपटाउनला होती व आजहि आहे. त्यांची आठवण पुढें ठेवावी, कारण या कथेच्या शेवटीं त्यांच्याशीं पुन्हा गांठ पडणार आहे.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजीं प्रिटोरियास जनरल बोथा व जनरल स्मट्स यांच्याशीं गोखल्यांची भेट झाली. भेटीहून ते परतले तेव्हां सर्व ठरल्यासारखेंच आहे, तीन पौंडांचा कर जाणार, असा त्यांचा समज झाला होता. गांधीजींना तितका विश्वास वाटला नाहीं, आणि त्यांचाच अंदाज खरा ठरला. दुसऱ्याच वर्षीं स्मट्ससाहेबांनीं पार्लमेंटांत सांगितलें, कीं नाताळचे गोरे कबूल नाहींत, सबब कर काढतां येत नाहीं. गोखल्यांची येथें चूक झाली असें म्हणणें सोपें आहे. पण ज्याच्यामागें राज्य नाहीं अशा वकिलाच्या पदरीं तोंडी वचनाशिवाय दुसरें काय पडणार? लेखी करार दोन सरकारांत होतो. पुण्याचा एक प्राध्यापक आणि एक सरकार यांच्यांत होतो तो संवाद.

तरी तो संवाद वायां गेला नाहीं. वचन मोडलें, हेंच १९१३ च्या लढ्याचें कारण झालें. खाणींतील व मळ्यांतील मजूर संपावर गेले. ६ नोव्हेंबरला दोन हजारांवर स्त्रीपुरुष मुलांबाळांसह ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे पायीं निघाले. इकडे गोखले आजारी असतांहि लढ्यासाठीं पैसा गोळा करीत होते. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं मद्रासच्या भाषणांत सत्याग्रह्यांची बाजू उचलून धरली. १९१४ च्या कायद्यानें कर रद्द झाला. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्यें पुण्यास वारले.

यानंतरची पायरी म्हणजे केपटाउनचा करार. दोन्ही सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद १९२६ च्या डिसेंबरांत भरली, आणि १९२७ च्या फेब्रुवारींत करार जाहीर झाला. त्यांत परत जाऊं इच्छिणाऱ्यांस सरकारनें मदत करावी, आणि जे राहतील त्यांची स्थिति सुधारावी, असें ठरलें. हिंदुस्थान सरकारचा एक एजंट दक्षिण आफ्रिकेंत राहावा हेंहि त्यांतूनच निघालें. पहिले एजंट व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. ते जन्मानें दाक्षिणात्य, परंतु गोखल्यांनीं १९०५ मध्यें पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे, आणि गोखल्यांच्या मागें त्याचे अध्यक्ष. डर्बनचें शास्त्री कॉलेज त्यांच्या नांवाचें आहे. १९४१ पासून एजंटाच्या जागीं हायकमिशनर हा हुद्दा आला.

हायकमिशनर आणि राजदूत यांच्यांत काय फरक, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. काम एकच, फरक नात्याचा आहे. एकाच राजमुकुटाखालचे देश एकमेकांकडे 'परका' म्हणून राजदूत पाठवीत नसत, हायकमिशनर पाठवीत; राष्ट्रकुलांत तीच चाल आज चालू आहे. त्याचें काम आपल्या सरकारचा शब्द तेथें पोंचविणें, तेथील हवा इकडे कळविणें आणि तेथें राहणाऱ्या आपल्या माणसांची दाद लावणें. असा अधिकारी 'सल्लामसलतीसाठीं' परत बोलावला, म्हणजे नाराजी दाखविली. त्याची कचेरी मात्र चालू राहते, दुय्यम अधिकारी कागदपत्र पाहतो. कचेरीच बंद झाली म्हणजे संबंध तुटले. दोन घराण्यांत जेवायला जाणें बंद होणें वेगळें आणि दारावरून जातांना तोंड फिरविणें वेगळें, तसेंच हें.

१९४३ मध्यें दक्षिण आफ्रिकेनें हिंदी लोकांच्या जमीनखरेदीस व राहण्याच्या जागांस नाताळ-ट्रान्सवालमध्यें बंधन घालणारा कायदा केला. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे होतें. जसें तुम्ही आमच्या माणसांशीं वागाल तसें आम्ही तुमच्या माणसांशीं वागूं, अशा अर्थाचा कायदा येथें होता; तो १९४४ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांस लागूं करण्यांत आला. हिंदुस्थानांत असे गोरे कितीसे असणार! परंतु परतंत्र देशानें एका गोऱ्या वसाहतीला उलट दंड करावा, ही गोष्टच नवी होती.

१९४५ मध्यें प्रिटोरियास हायकमिशनर म्हणून गेले ते वऱ्हाडांतील अमरावतीचे रामराव माधवराव देशमुख. खरे व देशमुख हे जुने सहकारी. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या १९३७ च्या मंत्रिमंडळांत खरे मुख्य प्रधान व देशमुख मंत्री होते, आणि १९३८ मध्यें तें प्रसिद्ध 'खरे प्रकरण' झालें तेव्हां दोघेहि बाहेर पडले होते. एक दिल्लीस, एक प्रिटोरियास, असा योग सात वर्षांनीं पुन्हा जुळून आला. नागपूरच्या राजकारणांत त्यांच्याविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, या प्रकरणांत त्यांचें माप वेगळें काढलें पाहिजे.

स्मट्स सरकारनें १९४६ च्या आरंभीं जमीनधारणेचा नवा कायदा पुढें आणला. हिंदी लोकांनीं त्याचें नांव 'घेट्टो ॲक्ट' ठेविलें. मार्चमध्यें हिंदुस्थाननें व्यापारी करार संपविण्याची नोटिस दिली. मे महिन्यांत देशमुखांना परत बोलावलें. जूनमध्यें कायदा झाला, डर्बनला डॉ. नायकर व डॉ. दादू यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह सुरू झाला आणि हिंदुस्थाननें संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. जुलैमध्यें व्यापार पूर्ण बंद झाला. हिंदुस्थानच्या एकूण निर्यातींत दक्षिण आफ्रिकेचा वाटा त्या वेळीं सुमारे साडेपांच टक्के होता. तो हिंदुस्थाननें आपल्या हातानें सोडला. अंतरिम सरकार यायचें होतें सप्टेंबरमध्यें. म्हणजे वर्णद्वेषी राज्यावर जगांतील पहिला बहिष्कार इंग्रजी अमलांतील हिंदुस्थाननें घातला. ही विसंगति वाटेल, पण तीच या कथेंतली मौज आहे.

संयुक्त राष्ट्रांत स्मट्ससाहेबांचा युक्तिवाद असा, कीं हा आमचा घरगुती प्रश्न आहे, यांत दुसऱ्यानें बोलण्याचें कारण नाहीं. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित यांचें उत्तर असें, कीं दोन सरकारांनीं ज्यावर करार केला तें घरगुती कसें? १९२७ चा केपटाउनचा कागद येथें उपयोगी पडला. ८ डिसेंबर १९४६ रोजीं महासभेनें ३२ विरुद्ध १५ मतांनीं ठराव केला, कीं हिंदी लोकांना मिळणारी वागणूक दोन देशांतील करारांस व सनदेस धरून असावी. सात राष्ट्रें तटस्थ राहिलीं. ज्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यांत स्मट्स यांचा हात होता, तीच सनद त्यांच्यापुढें धरण्यांत आली. गोखल्यांना जें तोंडी वचन मिळालें होतें त्याच्या मानानें चौतीस वर्षांत केवढी मजल!

परंतु ठराव झाला म्हणून डर्बनच्या एकाहि हिंदी माणसाचें घर वांचलें नाहीं. १९४८ मध्यें स्मट्स पडले आणि त्यांच्याहून कडवें मलान यांचें सरकार आलें. १९५० च्या कायद्यानें वर्णावार वस्त्या पाडण्यास सुरुवात झाली. १९५३ च्या कायद्यानें तेथील हिंदी पुरुषांना हिंदुस्थानांतून बायका आणण्यास बंदी केली. ज्या कोंकणी मुसलमानांपुढें गोखले मराठींत बोलले होते, त्यांच्या घरांत याचा अर्थ काय झाला असेल? मिळवता पुरुष केपटाउनला आणि सोयरीक रत्नागिरी जिल्ह्यांत, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. तक्रार न्यावी, तर दाद लावणारा हायकमिशनर १९४६ पासून नव्हता. आणि उरलेली कचेरीहि दक्षिण आफ्रिकेच्या आग्रहावरून १ जुलै १९५४ रोजीं बंद झाली. पुढें भारतीय पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिकेखेरीज' असा शिक्का बसूं लागला. इकडून तिकडे जाणें, तिकडून इकडे येणें, दोन्ही कठीण होऊन बसलें.

म्हणून संबंध तोडण्याची किंमत कोणी दिली, असा प्रश्न विचारणें भाग आहे. दिल्लीनें व्यापार गमावला हें खरें. पण व्यापार दुसरीकडे मिळतो. खरी किंमत तेथील सुमारे तीन लाख हिंदी लोकांनीं दिली. देशमुखांना परत बोलावण्याऐवजीं तेथेंच ठेवावयास हवें होतें, असें म्हणणारे त्या वेळींहि होते, आणि त्यांचें म्हणणें अगदींच हलकें नव्हतें. तथापि त्याचें उत्तर डर्बनच्या सत्याग्रह्यांनींच दिलें: आमच्यासाठीं सवलती मागूं नका, कायदा अन्यायाचा आहे असें जगापुढें सांगा. सवलत मागणाऱ्याला वकील लागतो. साक्ष देणाऱ्याला तो दारांत असण्याची गरज नसते.

दरम्यान आफ्रिकेच्या दुसऱ्या दारांत एक महाराष्ट्रीय उभाच होता. औंधच्या पंतप्रतिनिधि घराण्यांतले आप्पासाहेब पंत १९४८ मध्यें नैरोबीस भारताचे कमिशनर म्हणून गेले. पुढें ऱ्होडेशिया-न्यासालँडचा भागहि त्यांच्याकडे आला. तेथील हिंदी व्यापाऱ्यांनीं आपलें भवितव्य आफ्रिकी लोकांशीं जोडावें असा त्यांचा प्रयत्न होता. तो इंग्रजांना खटकला आणि १९५४ मध्यें त्यांना तेथून हलावें लागलें. हीच नीति पुढें दिल्लीनें उचलली. १९६७ मध्यें आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची कचेरी दिल्लीस उघडली. प्रिटोरियाच्या सरकारशीं संबंध नाहींत, पण त्या देशाच्या लोकांशीं आहेत, असें त्याचें तात्पर्य.

भारताच्या या वाटेनें पुढें दुसरेहि आले, आणि त्यांत वेस्ट इंडीज बेटें आघाडीवर होतीं. जमेका स्वतंत्र झाला १९६२ मध्यें. पण त्याआधींच, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, नॉर्मन मॅन्ले यांच्या सरकारनें दक्षिण आफ्रिकेच्या मालास बंदी केली. स्वराज्य पुरतें हातीं नसतां असें पाऊल टाकण्याचा धडा हिंदुस्थाननें घालून दिलाच होता. क्यूबाची तऱ्हा निराळी. त्यानें १९७५ च्या नोव्हेंबरांत अंगोलाच्या मदतीस सैन्य धाडलें, आणि तें पंधरा वर्षांहून अधिक काळ तेथें राहिलें. २२ डिसेंबर १९८८ रोजीं न्यूयॉर्कला अंगोला, क्यूबा व दक्षिण आफ्रिका यांनीं करार केला; क्यूबानें सैन्य काढावें, दक्षिण आफ्रिकेनें नामिबिया सोडावा, असें ठरलें, आणि २१ मार्च १९९० रोजीं नामिबिया स्वतंत्र झाला. एकानें माल थांबविला, दुसऱ्यानें बंदुका पाठविल्या. कोणत्या मार्गानें अधिक झालें याचा वाद चालतच राहील. बंदुकीच्या मार्गांत मेलेल्यांचा हिशेबहि मांडावा लागतो, एवढें खरें.

खेळांतहि हीच रेघ ओढलेली होती. १९७४ मध्यें डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यास भारत पोंचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारतानें खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. ही रेघ पुसली गेली तीहि खेळांतच आधीं. १० नोव्हेंबर १९९१ रोजीं दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर उतरला, आणि १९९२ च्या एप्रिलमध्यें त्यानें पुनरागमनाचा पहिला कसोटी सामना बार्बाडोसला खेळला. तेथें मैदान ओसाड होतें. लांबून पाहणाऱ्यास हा वर्णद्वेषाचा निषेध वाटावा. पण बार्बाडोसकरांचा राग आपल्या बेटाच्या एका गोलंदाजाला संघांत घेतलें नाहीं म्हणून होता!

मंडेला १९९० च्या फेब्रुवारींत सुटले आणि त्याच वर्षीं भारतांत येऊन गेले. भारतरत्न हा किताब त्यांना त्याच वर्षीं मिळाला. सरकारी गाडी मागून आली. १९९३ मध्यें व्यापारबंदी उठली, आणि त्याच नोव्हेंबरांत परराष्ट्रमंत्री पिक बोथा दिल्लीस आले व राजनैतिक संबंध पुन्हा जोडण्याच्या करारावर सह्या झाल्या. १९९४ च्या मे महिन्यांत, मंडेला अध्यक्ष झाले त्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेंत भारताची कचेरी चाळीस वर्षांनीं पुन्हा उघडली. २०२२ च्या खानेसुमारींत तेथें हिंदी वंशाचे सुमारे सतरा लाख लोक नोंदले गेले. दक्षिण आफ्रिकेची वकिलात आतां मुंबईंतहि आहे, आणि केपटाउनच्या कोंकणी घरांतून कोणी आजोळचें गांव पाहण्यास रत्नागिरीकडे निघालें, तर त्याला अडविणारा शिक्का आतां दोन्हीकडच्या पासपोर्टवर उरलेला नाहीं.